पुढची संख्या कोणती?



शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांना एक प्रश्न हटकून घातला जातो. २, ४, ६, ८ अशा चार संख्या मांडलेल्या असतात, त्यांच्यापुढे एक रिकामी जागा असते आणि त्या जागी योग्य ती संख्या लिहावयाची असते. मूल १० लिहिते आणि गुण पदरात पाडून घेते. आता समजा, एखाद्या मुलाने तेथे ३४ लिहिले. गुरुजी त्यावर तांबडी फुली मारतील यात शंका नाही. पण त्या मुलाने पुढे येऊन असे सांगितले की, 'माझा नियम असा आहे. पदाचा जो क्रमांक असेल त्याची दुप्पट करावी. मग त्याच क्रमांकातून १, २, ३ आणि ४ निरनिराळे वजा करावेत, येणाऱ्या चार बाक्यांचा गुणाकार करावा आणि तो त्या दुपटीत मिळवावा,' तर गुरुजींनी काय करावे? पहिल्या चार पदांच्या वेळी त्या चार बाक्यांपैकी एक शून्य असते, म्हणून सगळा गुणाकार शून्य होतो आणि २, ४, ६, ८ याच संख्या येतात. पाचव्या पदाच्या वेळी मात्र बाक्या ४, ३, २, १ अशा येतात. त्यांचा गुणाकार २४. तो १० मध्ये मिळविला की ३४. मुलाचा हिशेब चोख आहे. ह्याच युक्तीने पाचव्या जागी तुम्ही म्हणाल ती संख्या आणून दाखविता येते.

मग पुढची संख्या सांगणे म्हणजे तरी काय? चार संख्यांवरून पाचवी ठरते की ठरत नाही? हा प्रश्न पोरखेळाचा वाटला तरी मोठमोठ्या पंडितांना त्याने चकविले आहे, आणि कित्येकांना कीर्तीही मिळवून दिली आहे. संख्यांच्या अशा रांगेला आपल्या जुन्या गणितात 'श्रेढी' म्हणत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, श्रेढीव्यवहार म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच आहे. हाच शब्द वापरून अशा काही श्रेढ्यांचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

छंद आणि गाई

आरंभ घरापासूनच करू. मराठी कविता ज्यांनी म्हटली आहे त्यांना लघू आणि गुरू सांगावयास नकोत. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. आता इतक्या मात्रांचा चरण लघुगुरूंच्या किती निरनिराळ्या मांडण्यांनी भरता येईल, असा प्रश्न जुन्या छंदःशास्त्रकारांना पडला. एका मात्रेची मांडणी एकच. दोन मात्रांच्या दोन : दोन लघू, किंवा एक गुरू. तीन मात्रांच्या तीन. १, २, ३ असे झाल्यावर डोळा साहजिकच ४ म्हणतो. पण चार मात्रांच्या मांडण्या लिहून पाहा : गुरु-गुरु, लघु-लघु-गुरु, लघु-गुरु-लघु, गुरु-लघु-लघु आणि चार लघू. त्या पाच भरतात.

सुमारे सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान होऊन गेलेल्या विरहांक नावाच्या ग्रंथकाराने आपल्या 'वृत्तजातिसमुच्चय' या प्राकृत ग्रंथात या श्रेढीची रीत सांगितली आहे. मागील दोन पदांची बेरीज केली की पुढचे पद येते. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनीही आपल्या 'छंदोनुशासना'त तीच सांगितली. हे दोन्ही ग्रंथ विद्वानांच्या हाती नीट संपादून देण्याचे श्रेय मुंबईचे प्राध्यापक हरि दामोदर वेलणकर यांना आहे, ही आपणां महाराष्ट्रीयांना अभिमानाची गोष्ट होय.

या रीतीच्या मुळाशी असलेले कारण असे. चरणाचे शेवटचे अक्षर एकतर लघू असेल, नाहीतर गुरू. तिसरा पर्याय नाही. लघू असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली कोणतीही मांडणी चालेल. गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली कोणतीही चालेल. म्हणून चार मात्रांच्या मांडण्या म्हणजे तीन मात्रांच्या तीन अधिक दोन मात्रांच्या दोन, एकूण पाच. हे एकदा कळले की १, २, ३, ५, ८, १३, २१ ही श्रेढी वाटेल तितकी पुढे न्यावी, ती कधी दगा देणार नाही. आपल्या परिचयाच्या सोळा मात्रांच्या चरणाच्या, यतीचा विचार बाजूस ठेवल्यास, १५९७ मांडण्या होतात. त्या सगळ्या कोणी लिहून पाहिल्या नसल्या तरी ह्या आकड्याविषयी कोणाला शंका येत नाही. इटलीतील पिसा गावच्या लेओनार्दोने, ज्याला पुढे फिबोनाची म्हणू लागले त्याने, १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात सशांच्या जोड्यांच्या कोड्यात हीच श्रेढी मांडली आणि युरोपात ती त्याच्या नावाने गाजली.

आपल्याकडे नारायण पंडिताने १३५६ साली 'गणितकौमुदी'त सशांऐवजी गाय घेतली. गाय दरवर्षी एक कालवड देते. कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक कालवड देऊ लागते. तर एका गाईपासून वीस वर्षांत खिल्लार किती होईल? दरवर्षाची मोजदाद १, २, ३, ४ अशी चालते आणि येथेही डोळा पुढे ५ म्हणतो. पण चौथ्या वर्षी पहिली कालवड स्वतःच विते, आणि संख्या एकदम ६ होते. त्यापुढे ९, १३, १९ असे वाढत वाढत विसाव्या वर्षी मूळ गाईसह २७४५ जनावरे होतात. गोठ्यातला व्यवहार ज्याला ठाऊक आहे तो फसत नाही. नुसते आकडे पाहणारा फसतो.

फर्माचा विश्वास

पण नुसते आकडे पाहून फसणारा मनुष्य अडाणीच असतो असे मात्र समजू नका. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये पिएर द फर्मा हा पेशाने कायदेपंडित असलेला गृहस्थ गणितात असा निष्णात होता की, त्याच्या तोडीचा संख्याशास्त्रज्ञ त्या काळी युरोपात नव्हता. त्याने १६४० च्या सुमारास एक श्रेढी मांडली. पहिले पद ३. प्रत्येक पदातून १ वजा करावा, उरलेल्याचा वर्ग करावा आणि त्यात पुन्हा १ मिळवावा, की पुढचे पद येते. अशी पदे होतात ३, ५, १७, २५७, ६५५३७. ह्या पाचही मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना भाग जात नाही. फर्माची अशी खात्री पटली की, ही श्रेढी कितीही लांबविली तरी प्रत्येक पद मूळ संख्याच येईल. सिद्धता आपणांस सापडलेली नाही हे तो प्रामाणिकपणे लिहितो, पण विश्वास मात्र दृढ आहे.

सहावे पद येते ४२९४९६७२९७. चार अब्जांहून मोठ्या संख्येला लहानमोठ्या सगळ्या संख्यांनी भागून पाहणे हे त्या काळी अतिशय जिकिरीचे काम होते. जवळजवळ नव्वद वर्षे तो प्रश्न तसाच राहिला. १७२९ साली गोल्डबाख याने पत्रातून लेओनार्ड ऑयलर या तरुण गणितीचे लक्ष त्याकडे वेधले आणि १७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ऑयलरने दाखवून दिले की, त्या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो. ज्याला हौस असेल त्याने घरी जाऊन गुणाकार करून पाहावा.

हा ६४१ काही आंधळ्याने मारलेला दगड नव्हे. या पदाचा जो कोणता मूळ भाजक असेल तो ६४ च्या पटीत १ मिळवूनच झालेला असला पाहिजे, असे ऑयलरने पुढे सिद्ध केले. तशा मूळ संख्या घेत गेल्यास १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ ही पाचवीच येते. म्हणजे जेथे हजारो भागाकार करावे लागले असते तेथे पाच पुरले. कारणाचा दिवा हाती असला म्हणजे वाट इतकी आखूड होते. आणि फर्माच्या श्रेढीचे पुढे काय झाले? त्या पहिल्या पाच पदांनंतर आजवर एकही पद मूळ संख्या असल्याचे आढळलेले नाही. संगणक हाताशी आल्यावरही नाही!

आकाशातील श्रेढी

गणितातील चूक कागदावर राहते. परंतु अशाच एका श्रेढीवर विश्वास ठेवून माणसांनी दुर्बिणी रोखल्या, त्याची कथा याहून रंजक आहे. १७६६ साली टिटियस नावाच्या जर्मन अध्यापकाने एका ग्रंथाचे भाषांतर करताना त्यात आपल्या पदरचा एक मजकूर घातला. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ ह्या संख्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत ४ मिळवावेत. ४, ७, १०, १६, २८, ५२, १०० अशी श्रेढी होते. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १० मानले तर बुधाचे अंतर सुमारे ३.९, शुक्राचे ७.२, मंगळाचे १५.२, गुरूचे ५२ आणि शनीचे ९५.४ भरते. इतके जवळचे साम्य पाहून कोणीही चकित व्हावे. फक्त २८ ची जागा रिकामी होती. १७७२ साली बोडे या ज्योतिर्विदाने हा नियम आपल्या ग्रंथात घेऊन त्याला प्रसिद्धी दिली.

१३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. श्रेढीचे पुढचे पद १९६. युरेनसचे अंतर सुमारे १९२. आता शंकेला जागा कोठे उरली? १८०० साली काही ज्योतिर्विदांनी एकत्र येऊन २८ या रिकाम्या जागेवरील ग्रह हुडकण्यासाठी राशिचक्राचे चोवीस भाग पाडून ते वाटून घेण्याचे ठरविले. त्यांचे निमंत्रण हाती पडण्यापूर्वीच सिसिलीतील पालेर्मो येथे पियाझ्झी यास १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस सापडला. त्याचे अंतर २७.७! श्रेढीचा जयजयकार झाला.

मग ती बिघडू लागली. १८०२ साली तेवढ्याच अंतरावर पॅलास हा दुसरा गोलक सापडला, १८०४ साली जूनो, १८०७ साली व्हेस्टा. एका जागेला एक ग्रह असावयाचा, तेथे लहान गोलकांचा पट्टाच निघाला. पुढे युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून त्याच्यापलीकडील ग्रहाचे गणित इंग्लंडात ॲडम्सने आणि फ्रान्समध्ये लव्हेरिएने स्वतंत्रपणे केले. अज्ञात ग्रहाचे अंतर आरंभी किती धरावे यासाठी दोघांनीही आधार घेतला तो ह्याच श्रेढीचा. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनला गाले याने लव्हेरिएने सांगितलेल्या जागेच्या अगदी जवळ नेपच्यून पाहिला. परंतु श्रेढी म्हणत होती ३८८, आणि नेपच्यूनचे अंतर निघाले सुमारे ३०१. ग्रह मिळाला तो न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या बळावर. श्रेढी मात्र त्याच ग्रहाने मोडली.

मागे वळून पाहिले तर तिच्यातील वैगुण्य पहिल्यापासून दिसत होते. ३, ६, १२ ही दुपटीची रांग. तिच्या मागे दीड यावयास हवा होता. तेथे बुधाला बसविण्यासाठी शून्य घातले गेले. शिवाय ग्रहांनी ह्याच अंतरांवर का फिरावे, याचे कारण कोणीच सांगितले नव्हते. तरीही श्रेढी निरुपयोगी ठरली असे मी म्हणणार नाही. तिने माणसांना आकाशाच्या एका कोपऱ्याकडे बघावयास लावले. तर्काचे काम एवढेच, आणि तेवढे तिने चोख केले.

बाझेलचा शिक्षक

या उदाहरणावरून कोणी असे म्हणेल की, कारण ठाऊक नसताना श्रेढी मांडणे हे ज्योतिषाच्या भाकितासारखेच झाले. तसे नाही, हे दाखविण्यासाठी याच्या अगदी उलट घडलेली एक गोष्ट सांगतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी मुलींच्या शाळेत योहान याकोब बाल्मर नावाचे गणिताचे शिक्षक होते. हायड्रोजन वायू तापविला असता त्याच्या प्रकाशात चार ठळक रेषा दिसतात. त्यांच्या तरंगलांबी स्वीडनच्या ऑंगस्ट्रॉमने अत्यंत काळजीपूर्वक मोजल्या होत्या. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर तशा ६५६२.१०, ४८६०.७४, ४३४०.१ आणि ४१०१.२ भागांइतक्या त्या होत्या. ह्या चार आकड्यांत सूत्र कोणते?

साठीला पोचलेल्या बाल्मरनी १८८५ साली ते सूत्र प्रसिद्ध केले. ३६४५.६ ही संख्या घेऊन तिला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ यांनी गुणले की त्या चारी लांबी येतात. अपूर्णांक ओबडधोबड दिसतात खरे. पण दुसऱ्याचे १६/१२ आणि चौथ्याचे ३६/३२ असे रूप केले म्हणजे अंश ९, १६, २५, ३६ असे ओळीने वर्ग होतात, आणि प्रत्येक छेद अंशाहून बरोबर ४ ने कमी! पुढचे पद उघडच ४९/४५. त्यावरून पाचवी रेषा सुमारे ३९६९.६ वर असली पाहिजे. बाल्मरना अशी रेषा ठाऊक नव्हती. बाझेल विद्यापीठातील प्राध्यापक हागेनबाख यांनी त्यांना सांगितले की, ती मोजली गेलेली आहे. इतकेच नव्हे तर शुभ्र ताऱ्यांच्या प्रकाशात तिच्यापुढच्याही रेषा आढळल्या आहेत. त्या सगळ्या सूत्राशी जुळल्या.

परंतु 'का?' या प्रश्नाचे उत्तर बाल्मरजवळही नव्हते. ते १८९८ साली वारले. १९१३ साली डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी परमाणूची उपपत्ती मांडली. परमाणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवरच राहू शकतो, आणि वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना प्रकाश बाहेर पडतो. बाल्मरच्या सूत्रातील तो ४ म्हणजे दुसऱ्या पायरीचा वर्ग, आणि ९, १६, २५ हे तिसरी, चौथी, पाचवी अशा पायऱ्यांचे वर्ग. अठ्ठावीस वर्षे जे सूत्र चमत्कारासारखे भासत होते त्याला त्या दिवशी कारणाचा पाया मिळाला.

टिटियसची श्रेढीही जुळत होती, बाल्मरचीही जुळत होती. कोणी विचारले असते की यांतली खरी कोणती निघेल, तर आकड्यांकडे पाहून ते सांगता आले नसते. एक मोडली, दुसरीला बोर भेटला.

देवळालीचे स्वयंभू

शेवटचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा ध्यास. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला त्यांचे नाव कळले. १९८६ साली ते निवर्तले.

त्यांची एक श्रेढी अशी. कोणतीही संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. ५ पासून निघालात तर ५, १०, ११, १३, १७, २५, ३२, ३७, ४७, ५८, ७१, ७९, ९५, १०९, ११९ असा वंश चालतो. पण काही संख्या कोणाच्याच वंशात येत नाहीत. त्यांना जनक नाही. अशांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले. एक आकडी स्वयंभू १, ३, ५, ७, ९. त्यापुढे २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. नवापासून एकशे आठापर्यंत प्रत्येक वेळी ११ ची भर पडते, तीही नऊ वेळा. यापुढची संख्या ११९ म्हणावयास कोण कचरेल? पण ११९ आपण आताच ५ च्या वंशात पाहिली. तिचा जनक १०९ हजर आहे. पुढचा स्वयंभू निघतो ११०, आणि तेथून पुन्हा १२१, १३२ अशी अकरांची चाल सुरू होते.

असे का व्हावे? १९ वरून २० वर जाताना एक नऊ गळून पडतो आणि अंकांची बेरीज १० वरून एकदम २ वर येते. ९९ वरून १०० वर जाताना दोन नऊ गळतात. बेरीज १८ वरून १ वर उतरते. शंभराशी ही घसरण दुप्पट मोठी, म्हणून तेथे चाल मोडते. ज्याने नुसता ११ चा फरक पाहिला तो फसेल. ज्याने हातच्याचा व्यवहार पाहिला त्याला मोड कोठे येणार हे आधीच कळेल.

आज असे शोध घेण्याची साधने अफाट वाढली आहेत. नील स्लोन या गणितज्ञाने १९६४ साली श्रेढ्या जमविण्यास आरंभ केला, १९७३ साली त्यांचा कोश छापला, आणि १९९६ पासून तो कोश संगणकाच्या महाजालावर सर्वांना खुला आहे. त्यात आता साडेतीन लाखांहून अधिक श्रेढ्या आहेत. त्याला १, २, ३, ५ एवढ्याच संख्या देऊन विचारले तर तो एक उत्तर देत नाही. उत्तरांची जंत्रीच पुढे टाकतो. विरहांकाची श्रेढी म्हणते पुढे ८; मूळ संख्यांच्या रांगेआधी १ ठेवला तर पुढे ७. यांतली आपली कोणती, हे कोश सांगू शकत नाही. त्या संख्या आपण कोठून आणल्या हे आपणच त्याला सांगावे लागते.

बाजारभाव चार वर्षे चढत गेले म्हणून पाचव्या वर्षीही चढतील, पाऊस तीन वर्षे चांगला झाला म्हणून चौथ्या वर्षीही होईल, असे हिशेब आपण रोज करतो. ते करू नयेत असे मी म्हणत नाही; त्यांवाचून संसार चालणार नाही. मात्र असा हिशेब मांडताना तो टिटियसच्या जातीचा आहे की विरहांकाच्या, हे स्वतःला विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. आणि शाळेतल्या त्या मुलाने ३४ लिहिले, तर फुली मारण्यापूर्वी गुरुजींनी त्याला जवळ बोलावून एवढेच विचारावे, 'बाळ, हे कसे आणलेस?' त्याला जर नियम सांगता आला, तर दहा लिहून गप्प बसलेल्या मुलापेक्षा त्याने गणित अधिक केले आहे.